धोट्यातील चातीची जोडणी

मागावरील धोट्याच्या पोकळीत बाण्याच्या सुताची कांडी धरून ठेवणारी चाती धोट्याच्या अंगाशी पक्की, परंतु कांडी बदलताना वर उचलता येईल अशा रीतीने बसविण्याची यांत्रिक योजना. कापड विणताना धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांच्या दोन थरांमधून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फेकला जातो व आपल्यामागे बाण्याचा आडवा धागा सोडीत जातो. हा धागा ज्या कांडीवरून सुटतो ती कांडी धोट्यात जितकी स्थिर व मध्यरेषेत असेल, तितका तो एकसारख्या ताणाने सुटतो. चाती सैल झाली, तर बाणा वारंवार तुटतो, कापडात दोष येतात, ताण्याचे धागे तुटतात आणि प्रसंगी धोटा मागाबाहेर उडून विणकराला इजा होते. यामुळे दिसण्यात किरकोळ असलेला हा भाग विणकामाच्या उत्पादनाच्या आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला आहे.

इतिहास : हाताने फेकावयाच्या जुन्या धोट्यांत सुताची नळी एका बारीक काडीवर अगर तारेवर सैल बसविलेली असे व सूत सुटताना ती स्वतःभोवती फिरत असे. धोट्याचा वेग कमी असल्याने ही योजना पुरेशी होती. पैठणीसारख्या वस्त्राच्या पदरात व काठात निरनिराळ्या रंगांचे बाणे थोड्या थोड्या अंतरापुरतेच भरावयाचे असतात. तेथे सुताच्या लहान तिल्ल्या हातानेच ताण्यातून ओवल्या जातात व चातीचा प्रश्न उद्‌भवत नाही.

इंग्लंडमधील लँकाशर परगण्यात जन्मलेले जॉन के यांनी १७३३ मध्ये धावत्या धोट्याचे एकस्व (पेटंट) घेतले. दोरीला हिसका देऊन धोटा फेकण्याच्या या पद्धतीमुळे त्याचा वेग वाढला. फिरत्या नळीला मात्र या वेगाने एक अडचण येते. धोटा पेटीत येऊन थांबला, तरी नळी निरूढीमुळे फिरत राहते, जादा सूत सुटते आणि त्याचे वेटोळे पडते. म्हणून धावत्या धोट्यात नळी न फिरविता सुताची निमुळती गुंडाळी स्थिर ठेवून तिच्या टोकावरून सूत काढून घेण्याची पद्धत रूढ झाली. गुंडाळी स्थिर ठेवावयाची म्हणजे तिला घट्ट धरणारी चाती आली, आणि चाती आली म्हणजे ती धोट्याला जखडण्याचा प्रश्नही आला. एडमंड कार्टराइट यांनी १७८५ मध्ये यंत्रमागाचे पहिले एकस्व घेतले. पुढे यंत्रमागांचा वेग जसजसा वाढत गेला, तसतसा हा प्रश्न अधिकाधिक बिकट होत गेला.

रचना : साध्या यंत्रमागाचा धोटा म्हणजे दोन्ही टोकांना निमुळता व पोलादी टोपणे बसविलेला लाकडी ठोकळा होय. त्याच्या मधल्या भागात लांबट पोकळी कोरलेली असते. पोकळीच्या एका टोकास धागा बाहेर पडण्याचे नेढे असते, तर दुसऱ्या टोकास चातीची टाच बसते. चाती पोलादाची असून तिच्या टाचेतून धोट्याच्या दोन्ही भिंतींना जोडणारी एक आडवी खीळ जाते. या खिळीभोवती चाती बिजागरीप्रमाणे वर उचलता येते. टाचेचा आकार साधारण चौकोनी ठेवतात व तिच्या सपाट बाजूवर पोलादी पट्टीची स्प्रिंग दाबून बसते. त्यामुळे चातीला दोनच स्थिर अवस्था मिळतात : एक आडवी, म्हणजे विणताना असावयाची, आणि दुसरी उभी, म्हणजे कांडी काढताना वा घालताना असावयाची. मधल्या अवस्थेत ती ठरत नाही.

कांडी चातीवर टिकून राहावी यासाठीही वेगवेगळ्या योजना आहेत. सर्वांत साधी योजना म्हणजे चाती टोकाकडे किंचित निमुळती करून कांडी केवळ घर्षणाने बसविणे. दुसरीत चातीच्या पाठीवर फुगीर स्प्रिंग असते व ती कांडीच्या आतील बाजूस दाबून धरते. तिसरीत कांडीच्या बुडाशी खाच असून तीत धोट्यातील खटका अडकतो. कागदी नळीवर गुंडाळलेल्या सुतासाठी चाती मध्ये चिरलेली असते. ती आडवी केली म्हणजे तिचे दोन्ही भाग फाकून नळीला आतून पकडतात.

जोडणीवर येणारा भार : चाती सैल का होते, हे समजण्यासाठी धोट्याच्या गतीचा हिशेब पाहणे उपयुक्त ठरते. मिनिटाला २०० फेका घेणाऱ्या मध्यम रुंदीच्या मागावर धोट्याचा वेग सेकंदाला सु. १२ मी. असतो. हा वेग त्याला पेटीतल्या सु. २० सेंमी. अंतरात घ्यावा लागतो. यावरून त्याचा सरासरी प्रवेग सेकंदाला दर सेकंदास ३६० मी., म्हणजे गुरुत्वीय प्रवेगाच्या सु. ३७ पट येतो. क्षणिक कमाल प्रवेग याहूनही अधिक असतो. सुतासह ७० ग्रॅ. भरणारी कांडी या प्रवेगाने सु. अडीच किग्रॅ. वजनाइतकी प्रेरणा चातीवर लावते. समोरच्या पेटीत धोटा थांबतानाही तसाच उलटा हिसका बसतो.

या दोन हिसक्यांचे परिणाम सारखे नसतात. धोटा नेढ्याकडील टोक पुढे करून निघतो, तेव्हा सुरुवातीचा हिसका कांडीला टाचेकडे ढकलतो व थांबतानाचा हिसका तिला चातीवरून ओढून काढू पाहतो. टाच पुढे करून निघाला, तर हाच क्रम उलटा होतो. म्हणजे प्रत्येक फेकीत कांडी एकदा ठोकून बसविली जाते आणि एकदा उपटली जाते. माग न थांबता चालला, तर आठ तासांच्या पाळीत ९६,००० फेका होतात. तेवढ्याच वेळा चातीच्या पकडीची परीक्षा होते.

कांडी टाचेकडे ढकलली जाते त्या वेळी आणखी एक गोष्ट घडते. कांडी व चाती यांचा एकत्रित गुरुत्वमध्य आडव्या खिळीच्या पातळीपेक्षा वर असेल, तर हा हिसका चातीचे टोक वर उचलू पाहतो. कांडी व चाती मिळून १०० ग्रॅ. वजन आणि गुरुत्वमध्य खिळीपेक्षा ५ मिमी. उंच धरला, तर निर्माण होणारे परिबल तोलण्यास खिळीपासून १० मिमी. अंतरावर दाबणाऱ्या स्प्रिंगला सु. १.८ किग्रॅ. इतका जोर द्यावा लागतो. चातीच्या व कांडीच्या स्वतःच्या वजनाने यातला काही भाग तोलला जातो हे खरे, परंतु वारंवार बसणाऱ्या हिसक्यांचा भार मुख्यतः स्प्रिंगवरच राहतो. खिळीची उंची केवळ २ मिमी.ने चुकली, तरी या भारात मोठा फरक पडतो. खीळ कांडीच्या मध्यरेषेच्या शक्य तितकी जवळ असावी, हा जोडणीचा पहिला नियम यातूनच निघतो.

याशिवाय चातीची हालचाल हीच झिजेचे एक कारण असते. २० नंबरच्या सुताच्या ३० ग्रॅ. गुंडाळीत सु. १,००० मी. धागा मावतो. फणीत ताण्याची रुंदी १.२ मी. असेल, तर एवढा धागा सु. ८५० फेकांत, म्हणजे चार मिनिटांच्या आसपास संपतो. त्यामुळे साध्या मागावर एका पाळीत सु. १०० वेळा कांडी बदलावी लागते आणि तितक्याच वेळा एखाद्या धोट्याची चाती उचलली व मिटली जाते. वर्षाच्या ३०० पाळ्यांचा हिशेब केला, तर ही संख्या ३०,००० वर जाते.

दोष व त्यांचे परिणाम : जोडणीतील दोष बहुधा पुढील प्रकारांनी प्रकट होतात. (१) खिळीचे भोक लंबगोल होणे : लाकूड पोलादापेक्षा मऊ असल्याने खिळीच्या दाबाने भोकाची झीज एकाच दिशेने होते. मग चाती पुढेमागे हलते आणि तिचे टोक नेढ्याच्या रेषेतून सरकते. (२) खीळ बाहेर डोकावणे : हवा कोरडी झाली की लाकूड आकसते, खिळीची पकड सुटते व ती एका बाजूस सरकते. बाहेर आलेले टोक धोट्याच्या पेटीला आणि फणीला घासते. महाराष्ट्राच्या पठारी भागात उन्हाळ्यातील कोरडी हवा व पावसाळ्यातील दमट हवा यांत मोठी तफावत असते. जेथे कारखान्यातील हवेची आर्द्रता नियंत्रित नसते, तेथे हा दोष ऋतूबरोबर वाढतो. (३) स्प्रिंगचा जोर कमी होणे : पोलादाला नीट पाणी दिलेले नसेल, तर पट्टी हळूहळू वाकलेलीच राहते. पाणी फार कडक झाले असेल, तर ती मोडते. (४) कांडी व चाती यांचा मेळ नसणे : निरनिराळ्या ठिकाणच्या कांड्या एकत्र वापरल्या गेल्या, तर काही सैल बसतात व काही पुरत्या खाली जातच नाहीत.

यांपैकी कोणत्याही कारणाने कांडीचे टोक मध्यरेषेतून ढळले, तर धागा प्रत्येक वेढ्यागणिक कमीजास्त ताणाने सुटतो. कापडाची किनार कोठे आवळलेली, तर कोठे सैल दिसते. कांडी चातीवर मागेपुढे सरकत असेल, तर एकाच वेळी अनेक वेढे निसटून कापडात बाण्याचे गुंते विणले जातात. चाती उड्डाणाच्या मध्यावर वर आली, तर तिचे टोक ताण्याच्या वरच्या थरात अडकते व अनेक धागे एकदम तुटतात. धोटा ताण्यात अडकून राहिल्यास फणी मागे सरकण्याची किंवा माग एकदम थांबण्याची योजना मागावर असते. परंतु तीमुळे पुढचे नुकसान टळते, झालेले भरून येत नाही. तुटलेला प्रत्येक धागा शोधून, वयीतून व फणीतून ओवून गाठावा लागतो. मजुरी विणलेल्या कापडावर ठरत असल्यास हा सर्व वेळ विणकराच्या मजुरीतून जातो, आणि सदोष कापडाबद्दल कपात झाल्यास ती वेगळीच.

विणकराची सुरक्षितता : ४०० ग्रॅ. वजनाचा धोटा सेकंदाला १२ मी. वेगाने जात असताना त्यात असलेली गतिज ऊर्जा सु. ७ मी. उंचीवरून तेवढेच वजन पडल्यावर मिळणाऱ्या ऊर्जेइतकी असते. त्याची टोके पोलादी व निमुळती असतात. चाती वर आल्याने किंवा खीळ डोकावल्याने धोट्याची दिशा बदलली, तर तो मागाबाहेर उडतो व शेजारच्या मागावरील माणसाच्या डोळ्याला वा डोक्याला लागू शकतो. यासाठी फणीच्या वर धोटारोधक दांडा बसवितात. तो धोट्याला अडवितो, परंतु धोटा उडण्याचे कारण दूर करीत नाही. ते काम जोडणीच्या सुधारणेनेच होते.

आरोग्याचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. जुन्या पद्धतीच्या धोट्यात नवी कांडी घातल्यावर धाग्याचे टोक नेढ्यातून बाहेर काढण्यासाठी विणकर नेढ्याला तोंड लावून श्वासाने धागा ओढून घेत. एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागे व सुताची धूळही श्वासावाटे आत जाई. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्याने १९११ मध्ये या प्रथेस कायद्याने बंदी घातली. ब्रिटनमध्ये सुती कापडाच्या गिरण्यांतील धोट्यांविषयी असे विशेष नियम १९५२ मध्ये झाले. नेढ्याला वरून चीर ठेवून धागा बोटाने आत सरकविता येईल असा धोटा हा यावरील उपाय होय. चाती सैल असलेल्या धोट्यात बाणा अधिक वेळा तुटतो व धागा तितक्याच अधिक वेळा ओवावा लागतो. म्हणून नेढ्याची सुधारणा आणि चातीची सुधारणा या दोन्ही एकत्रच हाती घेणे इष्ट असते.

सुधारणा : जोडणी सुधारण्याचे प्रयत्न चार दिशांनी झाले आहेत.

(अ) खिळीचा आधार : लाकडात थेट खीळ ठोकण्याऐवजी भोकात धातूची नळी बसविली, तर खिळीचा दाब मोठ्या पृष्ठभागावर पसरतो आणि लाकडाची झीज कमी होते. याहून चांगली योजना म्हणजे खीळ व स्प्रिंग या दोहोंना धरणारी एकच पोलादी बैठक धोट्याच्या पोकळीत बसविणे. अशा बैठकीत खीळ व स्प्रिंग यांच्यामधील अंतर लाकडाच्या आकसण्या-फुगण्यावर अवलंबून राहत नाही. शिवाय झिजलेला भाग काढून नवा घालता येतो व लाकडी धोटा टाकून द्यावा लागत नाही. खीळ गुळगुळीत न ठेवता तिच्या एका टोकास आटे पाडले, तर ती सरकत नाही. तिची दोन्ही टोके धोट्याच्या भिंतीच्या पृष्ठभागापेक्षा किंचित आत राहिली पाहिजेत.

(आ) स्प्रिंग : एका पट्टीऐवजी एकावर एक अशा दोन पातळ पट्ट्या वापरल्यास प्रत्येकीवरील ताण कमी होतो व एक मोडली, तरी चाती लगेच मोकळी होत नाही. स्प्रिंगखाली जुळवणीचा स्क्रू ठेवल्यास कमी झालेला जोर पुन्हा वाढविता येतो. मात्र जोर फार वाढविणेही हितावह नसते. चाती उचलण्यास कष्ट पडू लागले की विणकर ती अर्धवट मिटतो किंवा हत्याराने उचकटतो आणि टाच झिजते.

(इ) कांडीची पकड : घर्षणावर विसंबून न राहता कांडीच्या बुडाशी धातूचे वेष्टन देऊन त्यातील खाचेत खटका अडकविणे अधिक खात्रीचे असते. कांडी पुरती बसल्याचा आवाज खटक्यामुळे ऐकू येतो, हा त्याचा व्यवहारातील मोठा फायदा आहे. सैल कांडी घट्ट करण्यासाठी चातीवर सूत अगर कागद गुंडाळणे हा उपाय वरवरचा असतो. त्याने कांडी घट्ट बसली, तरी ती एका बाजूस कलते व एका दोषाच्या जागी दुसरा येतो.

(ई) धोट्याचे द्रव्य : लँकाशरमधील धोटे प्रथम बॉक्सवुडचे व पुढे अमेरिकेतून आणलेल्या पर्सिमन व कॉर्नेल या लाकडांचे करीत. कठीण, चिवट व बारीक पोताचे लाकूड खिळीला अधिक काळ धरून ठेवते. नंतरच्या काळात कृत्रिम राळ भरून दाबलेले लाकूड प्रचारात आले. ते ओलाव्याने फारसे फुगत नाही, त्यामुळे खिळीचे भोक मापात राहते.

चातीविरहित धोटा : जेम्स हेन्री नॉर्थ्रॉप यांनी अमेरिकेतील होपडेल येथील ड्रेपर कंपनीत विकसित केलेल्या स्वयंचलित मागाने या प्रश्नाला वेगळेच उत्तर दिले. १८९४ मध्ये एकस्व मिळालेल्या या मागात माग चालू असतानाच नवी कांडी वरून ठोकली जाते आणि रिकामी कांडी धोट्याच्या तळातील फटीतून खाली पडते. अशा धोट्यात उचलावयाची चाती ठेवणे शक्यच नव्हते. म्हणून कांडीच्या बुडावर पोलादी कडी बसवून ती कडी धोट्यातील स्प्रिंगच्या जबड्यातील खाचांत पकडण्याची योजना केली गेली. खीळ, टाच आणि चाती या तिन्ही झिजणाऱ्या भागांना यात फाटा मिळाला. जबड्याचा जोर मात्र अधिक काटेकोरपणे जुळवावा लागतो. तो कमी असेल, तर कांडी तिरपी होते आणि जास्त असेल, तर नवी कांडी पुरती आत जात नाही.

जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेल्या स्वयंचलित मागात कांडीऐवजी संपूर्ण धोटाच बदलण्याची पद्धत अवलंबिली. या पद्धतीत चाती असलेला धोटा कायम ठेवता येतो, कारण कांडी मागाबाहेर सावकाश बसविली जाते. या मागाचे हक्क इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्स कंपनीने १९२९ मध्ये घेतले. चाती काढून टाकणे व चाती राखून बदलाची जागा हलविणे, असे हे दोन मार्ग एकाच अडचणीवरचे होते.

देखभाल : उत्तम रचनेची जोडणीही देखभालीवाचून टिकत नाही. नवा धोटा वापरण्यापूर्वी काही दिवस मागांच्या खोलीतील हवेत ठेवावा, म्हणजे त्याचे लाकूड तेथील आर्द्रतेशी जुळते. चाती मिटल्यावर तिचे टोक नेढ्याच्या रेषेत आणि दोन्ही भिंतींपासून योग्य अंतरावर येते की नाही, हे मापपट्टीने पाहावे. भरलेली कांडी बसवून धोटा हातात धरून जोराचा झटका दिला असता कांडी जागची हलता कामा नये. खिळीची टोके बोटाने चाचपून पाहावीत. बिजागरीला तेल घालण्याचा मोह टाळावा, कारण ते बाण्यावर उडते व त्याचे डाग धुऊनही सहसा जात नाहीत. त्याऐवजी किंचित मेण वा ग्रॅफाइट वापरावे. एका मागाचे दोन्ही धोटे वजनाने व मापाने सारखे असावेत. एकाची चाती बदलली, तर दुसऱ्याचीही तपासावी.

सद्यःस्थिती : धोट्याशिवाय बाणा टाकणाऱ्या मागांपैकी लहान प्रक्षेपकाने धागा ओढून नेणारा झुल्ट्सर कंपनीचा माग १९५३ मध्ये बाजारात आला. त्यानंतर दांडीने, हवेच्या झोताने आणि पाण्याच्या झोताने बाणा टाकणारे माग प्रचारात आले. त्यांत बाण्याचे मोठे बोळे मागाबाहेर स्थिर असतात, त्यामुळे हिसके सोसणारी कांडीही राहत नाही व चातीही नाही. मोठ्या गिरण्यांतून धोट्याचे माग यामुळे बहुतांशी मागे पडले.

महाराष्ट्रात मात्र हा विषय केवळ ऐतिहासिक झालेला नाही. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला. पुढे तेथे तसेच भिवंडी, मालेगाव व सोलापूर येथे यंत्रमागांचा विकेंद्रित उद्योग वाढला. इचलकरंजीसारख्या ठिकाणी धोटेविरहित माग मोठ्या संख्येने आले असले, तरी या केंद्रांतून धोट्याचे साधे माग अजूनही चालतात. केंद्र शासनाने २०१७ मध्ये भिवंडी येथून सुरू केलेल्या यंत्रमागविषयक योजनेत साध्या मागांना नवे भाग जोडून ते जागच्या जागी सुधारण्याचा समावेश होता. ज्या लहान कारखानदाराला नवा माग घेणे परवडत नाही, त्याला धोट्यातील पोलादी बैठक, योग्य पाणी दिलेली स्प्रिंग व मापात असलेल्या कांड्या या सुधारणा अल्प खर्चात करता येतात. त्यांचा लाभ कापडाच्या प्रतीत जसा दिसतो, तसाच त्या मागावर उभे राहणाऱ्या विणकराच्या मजुरीत व सुरक्षिततेतही दिसतो.